अप्पा सर आणि शनिवार तेली

हलगरे सरांना कुणी त्यांचा विषय विचारला की ते म्हणत, "ज्यूंचा अभ्यास." विचारणारा खेड्यातला असला तर क्षणभर थांबून म्हणायचा, "जुवाचा? बैलाच्या मानंवर ठेवत्यात त्या?" सर हसत नसत. त्या माणसाला सावलीत घेऊन ज्यू कोण, कुठले, आपल्या कोकणात ते कसे आले, हे सगळं उभ्याउभ्या सांगत. कॉलेजच्या फाटकात, एसटी स्टँडवर आणि एकदा टँकरच्या रांगेतही मी हे पाहिलं आहे. रांग पुढे सरकायची, मागचे लोक ओरडायचे, आणि सर म्हणायचे, "एवढं पुरं करू द्या."

मी नांदेडची. लातूरच्या कॉलेजात इंग्रजी शिकवायला आले, तेव्हा लातूर जिल्हा होऊन फार काळ लोटला नव्हता. जुन्या इमारतींवर नव्या पाट्या चढत होत्या, भाड्याच्या घरांत सरकारी कचेऱ्या भरत होत्या, आणि जिल्ह्याचं ठिकाण म्हणताना लोकांचा आवाज जरा चढायचा. सर इतिहास शिकवत. त्यांचं नाव सिद्रामप्पा, पण विद्यार्थ्यांपासून शिपायापर्यंत सगळे त्यांना अप्पा सर म्हणत. उंच, काटकुळे, कपाळावर विभूती, गळ्यात चांदीच्या करंड्यात लिंग, पांढरा पायजमा आणि बारा महिने तोच तपकिरी कोट. पुस्तक डोळ्यांच्या फार जवळ धरत. चालताना वाचत. फळ्यावर लिहिताना तंद्री लागली की हात उजवीकडून डावीकडे जाऊ लागे. मुलं चुळबुळ करायची, मग ते फडक्यानं पुसून पुन्हा डावीकडून सुरुवात करायचे.

हा विषय त्यांच्या वाट्याला आला तो तेलामुळे. त्यांच्या वडिलांचा लातुरात आजोबांपासून चालत आलेला तेलाचा घाणा होता; तो बंद पडल्यावर घर गावच्या शेतावर गेलं. एका मे महिन्याच्या सुट्टीत सर कुठल्याशा शिबिरासाठी कोकणात गेले. तिथे एका गावात त्यांना शलोमकाका नावाचे निवृत्त शिक्षक भेटले. धोतर नेसणारे, मराठीत शिव्या देणारे, आणि ज्यू. शलोमकाका म्हणाले, आमचे वाडवडील घाणे चालवायचे, शनिवार हा आमच्या धर्मात विसाव्याचा दिवस, त्या दिवशी घाणा बंद ठेवायचे, म्हणून गाव आम्हाला शनिवार तेली म्हणायचं. घाण्याच्या घरात वाढलेल्या सरांना हे ऐकून झोप लागेना. आठवड्यातला एक दिवस घाणा बंद ठेवायचा म्हणजे काय, हे त्यांना माहीत होतं. गिऱ्हाईक दुसरीकडे जातं, बैल उभा राहतो, शेजारी हसतात. शेकडो वर्षं धर्माचं पुस्तक नाही, पुजारी नाही, आणि तरी हे लोक शनिवारी घाणा का थांबवत राहिले? त्यानंतरच्या सगळ्या सुट्ट्या त्यांनी शलोमकाकांच्या ओसरीवर काढल्या. त्यांच्याकडूनच हिब्रू शिकले, उजवीकडून डावीकडे लिहायची ज्यूंची जुनी भाषा. त्या समाजाची मराठी कीर्तनं होती. अब्राहामाचं, योसेफाचं आख्यान; साकी, दिंडी, ओवी, मध्येच हिब्रू शब्द. म्हाताऱ्यांकडून ऐकून सर ती उतरवून घेत. तरुण माणसं एकेक करून देश सोडून चालली होती आणि ऐकवणारे मरत होते.

त्यांचा एक प्रश्न साऱ्या कॉलेजला पाठ होता. कुणीही काहीही ठासून सांगितलं की ते सौम्यपणे विचारत, "हे कुठं वाचलंत?" नव्या जिल्ह्याची स्मरणिका निघणार होती आणि समितीत सरांना घेतलं होतं. गावातल्या एका वजनदार गृहस्थांनी बैठकीत सांगितलं की लातूरचा तेलाचा व्यापार दोन हजार वर्षांचा आहे, तसं छापा. सरांनी विचारलं, "हे कुठं वाचलंत?" गृहस्थ म्हणाले, वाचायचं काय त्यात, सगळ्यांना माहीत आहे. सर म्हणाले, मला माहीत नाही, आणि माझ्या आजोबांचा घाणा होता. पुढच्या बैठकीचं बोलावणं त्यांना आलं नाही. संध्याकाळ वाचायला मोकळी झाली, एवढंच ते म्हणाले.

आठवडाभर सर लातुरात एका खोलीत राहत आणि शनिवारी दुपारच्या एसटीनं गावी जात. गाव निलंग्याच्या पलीकडे, कर्नाटकाच्या हद्दीला लागून. म्हातारी आई शेत सोडून यायला तयार नव्हती, म्हणून पत्नी महादेवी आणि मुलगी गिरिजा तिकडेच. महादेवीला सगळे महादेवक्का म्हणत. बुटकी, सावळी, बोलायला चटपटीत. मराठीत सुरू केलेलं वाक्य कानडीत संपवायची. नवऱ्याच्या अभ्यासाकडे ती घरातल्या जुन्या दुखण्यासारखी बघायची. आहे, जाणार नाही, सांभाळून घ्यायचं.

परदेशातल्या एका संस्थेची जाहिरात सरांना शलोमकाकांच्या मुलाकडून कळली. ज्यूंच्या इतिहासाचा आणि भाषांचा अभ्यास करणाऱ्यांसाठी ती अभ्यासवृत्ती होती. इंग्लंडात एका जुन्या, मोठ्या घरात निरनिराळ्या देशांतले अभ्यासक वर्षभर एकत्र राहायचे. प्रत्येकाला एक खोली, खाली ग्रंथालय, दुपारचं जेवण एका टेबलावर, आणि आठवड्यातून एकदा कुणीतरी आपलं काम वाचून दाखवायचं. त्या वर्षाचा विषय होता, ज्यू आणि त्यांच्या शेजाऱ्यांच्या भाषा. सरांनी मला अर्जाचं इंग्रजी तपासायला सांगितलं. आपल्या जवळचं ग्रंथालय कोणतं, असा एक प्रश्न होता. सरांनी लिहिलं होतं, एका रात्रीच्या प्रवासावर आहे, पण तिथे या विषयाची पुस्तकं नाहीत. मी म्हटलं, सर, हे जरा बरं दिसेल असं लिहू या. ते म्हणाले, "बरं दिसायला कशाला? खरं हाय ते."

त्यांची निवड झाली.

पासपोर्टच्या चौकशीला पोलीस शिपाई गावी गेला तेव्हा सरही तिथे होते. त्यांचे कागद आधी जुन्या जिल्ह्याच्या ठिकाणी जाऊन मग इकडे आले होते, त्यामुळे शिपाई आधीच वैतागलेला. त्या काळी आपल्या देशाचं इस्राएलशी फारसं जमत नव्हतं. शिपायानं विचारलं, "सर, ज्यू लोकांच्या घरात वर्षभर राहून तुम्ही बाटणार तर न्हाई?" सर उत्तर जुळवू लागले. तेवढ्यात महादेवक्का चहा घेऊन आली आणि म्हणाली, "बाटवाया त्यांनी ह्यांना घ्याया तर पायजे. हे ताटावरनं उठून पुस्तक बघाया जात्यात. कोन घेतंय?" शिपाई हसला आणि त्यानं काय लिहायचं ते लिहिलं.

त्या वर्षी पाऊस नव्हताच. त्याच्या आदल्या वर्षीही जेमतेम. डाळमिलची धडधड अर्ध्यावर आली होती, आडत बाजारात हमाल पोत्यांऐवजी ओट्यावर पडून असत, आणि वर्गात पहिल्या बाकांवर खडी फोडायच्या कामावरून आलेली मुलं डुलक्या घेत. सरांच्या गावातली विहीर तळाला गेली होती. जायचं की नाही, यावर सर महिनाभर घुटमळत होते. आईची तब्येत, पोरीचं मॅट्रिकचं वर्ष, पाण्याचे हाल. शेवटी महादेवक्कानंच निकाल दिला. हे सरांनीच मला सांगितलं, तिच्या शब्दांत. "हितं राहून तुमी पाऊस पाडनार हाव का? होगरी." होगरी म्हणजे जा. मुंबईच्या गाडीत बसवायला ती लातूरला आली होती. मीही गेले होते. सरांच्या पेटीत तिनं ज्वारीचं पीठ आणि शेंगाची चटणी भरून दिली होती. गाडी सुटताना ती माझ्याकडे बघून म्हणाली, "बाई, तिथं ह्यांना जेवा म्हनायला कोनतरी असंल न्हवं?"

तिकडून त्यांची पत्रं कॉलेजच्या पत्त्यावर येत आणि स्टाफरूममध्ये ती मोठ्यानं वाचली जात. ग्रंथालयात रात्रीसुद्धा जाता येतं, याचं त्यांना फार अप्रूप होतं. टेबलावर सगळे एकमेकांना "हे कुठं वाचलंत" असंच विचारतात, इथे मी कुणालाच विचित्र वाटत नाही, असं त्यांनी लिहिलं होतं. त्यांनी योसेफाचं आख्यान म्हणून दाखवलं तेव्हा याकोब नावाचे एक म्हातारे संशोधक उठून त्यांच्या शेजारी येऊन बसले होते. दुसऱ्या महायुद्धात याकोबांचं सगळं घरदार मारलं गेलं होतं. आईला कुठे पुरलं, पुरलं की नाही, हेसुद्धा त्यांना ठाऊक नव्हतं.

उन्हाळा चढला तशी गावात विहिरीत उतरून पाणी भरायची पाळी आली. तळाच्या झऱ्यात वाटी वाटी पाणी साचायचं. एकीनं खाली जाऊन कळशी भरायची, दुसरीनं वरून दोरानं ओढायची. एका दुपारी महादेवक्का खाली उतरली होती आणि गिरिजा वर होती. विहिरीची आतली बाजू ढासळली. गावकऱ्यांनी माती उपसून तिला वर काढलं तेव्हा उशीर झाला होता. आम्हाला लातुरात दुसऱ्या दिवशी कळलं. मी गेले तेव्हा दफन उरकलं होतं. गिरिजा भिंतीला टेकून बसली होती. रडत नव्हती. तिच्या दोन्ही तळहातांची कातडी दोरानं सोलून निघाली होती आणि त्यावर कुणीतरी हळद भरली होती.

सरांना तार केली ती त्यांच्या धाकट्या भावानं. महादेवी गेली, सगळं विधिवत झालं, काम पुरं करून या, घाईनं येऊ नये, असा मजकूर. भावाचा हेतू चांगला होता. इतक्या लांबून येऊन आता काय करणार, असं त्याला वाटलं असावं.

सर लगेच आले नाहीत. आले ते पंधरवड्यानं. गावात त्यावर जे बोललं जायचं ते बोललं गेलंच. बायको मातीत गेली आणि हा साहेबाच्या देशात पुस्तकं चाळत बसला. कॉलेजातही दबक्या आवाजात तेच. सरांनी कुणाला काही सांगितलं नाही. मला सांगितलं, तेही बऱ्याच महिन्यांनी, परीक्षेच्या पर्यवेक्षणाला आम्ही दोघं एका हॉलमध्ये होतो तेव्हा, खिडकीशी उभं राहून, अगदी हळू.

तार वाचून ते खोलीत जमिनीवर बसले ते बसलेच. दार उघडं होतं. याकोब आले आणि समोर जमिनीवर बसले. मग बाकीचे आले, तेही बसले. त्यांच्याकडे रीत अशी की दुःख झालेला माणूस बोलल्याशिवाय भेटायला आलेल्यानं बोलायचं नाही. सर बोलेनात, म्हणून सारं घर गप्प. कुणीतरी आरशावर चादर टाकली, तीही त्यांची रीतच. जेवणाच्या वेळेला ताटली आली, तिच्यात उकडलेली मसुराची डाळ. दुःखाच्या घरी ते लोक डाळ खाऊ घालतात, हे सरांनी वाचलेलं होतं. "लातूरचा मानूस मी," ते म्हणाले, "डाळ घशाखाली उतरंना."

तिसऱ्या दिवशी ते बोलले. महादेवी कशी होती ते सांगितलं. तिची कानडी, तिची भाकरी, शिपायाला दिलेलं उत्तर. याकोब म्हणाले, मेलेल्यांसाठी आमची एक प्रार्थना आहे, पण ती तुमच्या बायकोसाठी आम्हाला म्हणता येत नाही, ती आमच्यातली नव्हती. म्हणून आम्ही नुसते बसतो. सर मला म्हणाले, "खोटं न्हाई बोलले बघा ते. न्हाई म्हनले, आन् बसून राहिले." आठवडा सरला, त्यांच्या रीतीनं जमिनीवर बसायचे दिवस संपले, तेव्हा याकोबांनीच त्यांना हाताला धरून उठवलं, बाहेर घराभोवती एक फेरी मारून आणली आणि विचारलं, तुझी मुलगी कुणाजवळ बसली आहे?

तेव्हा कुठे सरांना तिकिटाची आठवण झाली. "घाई नको असं लिहिलेलं होतं," ते म्हणाले. एक मुलगा पुरवणी मागायला उठला होता, तिकडे गेले.

गावी पोचल्यावर काय झालं ते मला सरांच्या आईनं सांगितलं. गिरिजानं सरांना पाणी दिलं. त्यांनी तारेचं सांगितलं. ती म्हणाली, "तार काकानं केली. मला कुनी इचारलं न्हाई." आणि आत गेली. त्यानंतर कित्येक वर्षं बापलेकीत कामापुरतंच बोलणं राहिलं. जेवायला वाढलंय, फी भरायची हाय, आजीचं औषध संपलं.

संस्थेनं पुढच्या वर्षी उरलेले महिने पूर्ण करायला बोलावलं होतं. सर गेले नाहीत. आईला आणि गिरिजाला त्यांनी लातुरात आणलं. पहाटे उठून नळाला नंबर लावायचे, स्वैपाक करायचे. भाकरी त्यांना कधीच जमली नाही, कडा फाटायच्या. म्हातारी ती मुकाट्यानं दुधात कुस्करून खायची. कीर्तनांचे कागद त्यांनी एका पेटीत घालून शलोमकाकांच्या मुलाकडे पाठवून दिले. मी विचारलं, सर, एवढी वर्षांची मेहनत? म्हणाले, ज्यांचं होतं त्यांच्याकडे गेलं. वर्गात त्यांचा हात आता कधी उजवीकडून सुरू व्हायचा नाही. त्यांचा तो प्रश्नही बंद झाला. कुणी काही ठासून सांगितलं तर ते "असंल" म्हणायचे. स्टाफरूममधल्या लोकांना ते आता जास्त आवडायला लागले. मला त्यांच्या तोंडी तो शब्द ऐकवत नसे.

शनिवारी मात्र ते काही करत नसत. कॉलेज सकाळचं असे, ते झालं की खोलीत येऊन बसत. वाचत नसत, झोपत नसत. मठातले स्वामी एकदा म्हणाले की हा तिकडून काहीतरी व्रत घेऊन आला आहे. मी एका शनिवारी काही कामानं गेले होते. गिरिजा उंबऱ्याशी गहू निवडत होती, सर आत भिंतीला टेकून बसलेले. दोघांच्या मध्ये चार हातांचं अंतर. मी दोघांशी वेगवेगळं बोलले आणि निघाले.

आजी गेली. गिरिजा शिकून शिक्षिका झाली, नांदेडला दिली. सर निवृत्त झाल्यावर काही वर्षं लातुरात एकटेच होते. मग डोळे गेले आणि गिरिजा स्वतः येऊन त्यांना घेऊन गेली. मीही तोवर निवृत्त होऊन नांदेडला आले होते. महिन्यातून एखादी चक्कर त्यांच्याकडे व्हायची. गिरिजा त्यांचं सगळं नीट करायची. कपडे धुतलेले, नखं कापलेली, औषध वेळेवर. पण त्या घरात बोलणारी मी एकटीच असायची.

शेवटच्या भेटीच्या दिवशी ऊन फार होतं. सर व्हरांड्यात खुर्चीवर बसले होते. मी आणि गिरिजा शेजारी शेंगा फोडत होतो. मध्येच सर म्हणाले, "गिरिजा, त्या दिवसाचं मला सांग. मी तिथं नव्हतो."

गिरिजाचे हात थांबले. मी उठायला लागले, तर तिनं माझा पदर धरून मला बसवलं. मग ती बोलायला लागली, वर्गात धडा सांगावा तशा एकसारख्या आवाजात. सकाळी टँकर आला नव्हता. आजी म्हणाली होती, आज राहू दे. आई म्हणाली, प्यायला तरी पाहिजे. आई खाली उतरली, बराच वेळ वाटीनं कळशी भरत होती. ऊन डोक्यावर आलं होतं. दोर चटके देत होता. कळशी भरली तशी गिरिजानं वरून ओढायला घेतली. कळशी काठावर आली आणि खालून माती कोसळल्याचा आवाज झाला.

सरांनी विचारलं, "काही म्हनली का ती?"

"ओढताना खालनं म्हनली, सांडू देऊ नको."

"मग?"

"न्हाई सांडली," गिरिजा म्हणाली. "त्याच पान्यानं आजीनं तिला आंघूळ घातली. दुसरं पानी घरात नव्हतं."

सरांनी हात पुढे केला. तो हवेतच होता, कुठे आहे ती हे त्यांना दिसत नव्हतं. गिरिजानं मांडीवरचं सूप खाली ठेवलं, टरफलं झटकली आणि दोराचे वण असलेले आपले दोन्ही तळहात वर करून त्यांच्या हातात दिले. सर एकेक बोट चाचपत राहिले, पुस्तक जवळ धरून वाचावं तसे अगदी सावकाश, मान खाली घालून.

मी चपला घातल्या आणि फाटक न वाजवता बाहेर पडले.